मागे बसायचं कुठून? किटमधल्या जुन्या गाड्यांना दोनच दारं का असतात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी १९५७ची शेव्हरोले बेल एअर एकदाची पुरी झाली. १/२५ मापाचं प्लास्टिक किट, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी गाडी, सुट्या पार्टांत डब्यात भरून दिलेली. खाली फिरोजी रंग, वर पांढरं छत, आणि बाजूच्या पट्ट्यांवर चिकटवलेला क्रोमचा वर्ख. वर्खच म्हणायचा तो, काजूकतलीवरच्या वर्खासारखाच बोटाला चिकटतो आणि फाटतो.

अण्णा, म्हणजे माझे मोठे चुलते, फराळाला आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडी तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली, उलटी करून खालचा सायलेन्सरसुद्धा पाहिला.

"झकास झालीय. पण काय रे, मागे बसायचं कुठून?"

"पुढची सीट वाकवून, अण्णा."

"शेट सीट वाकवून बसतील होय? आमच्या गाडीला चार दारं होती."

अण्णा सतराव्या वर्षी गिरगावात एका कापडवाल्या शेटच्या पेढीवर लागले. शेटकडे १९५१ची काळी शेव्हरोले होती. त्या काळच्या मुंबईत याचं नवल नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. तिकडे कुर्ल्याला वालचंदशेटच्या प्रीमियरमध्ये डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळायच्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर, टॅक्सीतळांवर, लग्नाच्या वरातींत दिसायच्या त्या मुख्यतः चार दारांच्या गाड्या.

अण्णांसाठी मी १९५१च्या शेव्हरोलेचं किट शोधायला बसलो. एएमटी या अमेरिकन कंपनीचं मिळतं की. बेल एअर हार्डटॉप आहे, तिचीच टप उघडणारी कन्व्हर्टिबल आहे, आणि मागे उताराचं छत असलेली फ्लीटलाइनही आहे. तिन्हींना दारं दोन-दोन.

जुन्या अमेरिकन गाड्यांची किटं जुळवणाऱ्या कुणाशीही बोला, थोड्या वेळाने ही तक्रार निघतेच. गाडी तीच, साल तेच, पण बॉडी नेहमी ठरावीक. साधी चार दारांची सेडान काढा, स्टेशन वॅगन काढा, पेढीवाल्यांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी काढा, असं लोक वर्षानुवर्षं म्हणतायत. कंपन्या मात्र तीच हार्डटॉप नव्या चित्राच्या डब्यात घालून पुन्हा विकतात. हा आळस आहे, लोभ आहे, की आणखी काही? मला वाटतं उत्तर पोलादात आहे, आणि त्या पोलादाचे पैसे कुणी भरले यात आहे.

आधी बॉडीची ओळख

आपल्याला फियाट आणि अँबॅसेडरची सवय. चार दारं, पुढच्या-मागच्या दारांच्या मधोमध छतापर्यंत गेलेला खांब, प्रत्येक काचेला चौकट. ही सेडान. अमेरिकेत हीच सेडान दोन दारांतही मिळायची. खांब आणि चौकटी तशाच, फक्त मागची दारं नाहीत.

हार्डटॉप हा वेगळा प्राणी. तिला मधला खांबच नसतो. सगळ्या काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सलग मोकळी जागा. कन्व्हर्टिबलसारखी दिसते, पण छत पक्कं. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ब्यूइक, कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ती आणली, १९५० मध्ये शेव्हरोलेला दिली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेला तिने वेड लावलं. पुढे १९५५-५६ मध्ये चार दारांची हार्डटॉपही आली. शिवाय वॅगन, आणि बाजूच्या काचांऐवजी पत्रा लावलेली मालवाहू डिलिव्हरी.

म्हणजे १९५७ची शेव्हरोले ही एक गाडी नाही. १५०, २१० आणि बेल एअर अशा तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर अनेक बॉड्या. आता आकडे पाहा. त्या वर्षी शेव्हरोलेने साधारण १५ लाख गाड्या काढल्या. त्यांत २१०ची चार दारांची सेडान सुमारे २ लाख ६० हजार आणि बेल एअरची चार दारांची सेडान सुमारे २ लाख ५४ हजार. या दोघी मिळूनच एक तृतीयांश झाल्या. माझ्या किटमधली दोन दारांची बेल एअर हार्डटॉप सुमारे १ लाख ६६ हजार. कन्व्हर्टिबल ४७ हजारांच्या आसपास. आणि नोमॅड नावाची दोन दारांची देखणी वॅगन फक्त ६,१०३.

किटच्या शेल्फवर हा क्रम जवळजवळ उलटा लागतो. हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल उदंड. नोमॅडसुद्धा आहे, १९५५ची एएमटीने काढली, १९५७ची रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीने. आणि जी गाडी पाच लाख घरांसमोर उभी होती तिच्यासाठी चाकू हातात घ्यावा लागतो.

मोदकाच्या साच्यातून करंजी

किटचा पार्ट बनतो तो इंजेक्शन मोल्डिंगने. वितळलेलं पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवायचं, क्षणात थंड करायचं, साचा उघडायचा, पिनांनी ढकलून पार्ट बाहेर काढायचा. आपल्या घरातली बादली, टिफिनचा डबा, स्विचबोर्ड, सगळं असंच होतं. भोसरी-चाकणकडच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको.

दारांच्या आतल्या पट्ट्या, चाकं, इंजिन असे चपटे किंवा दोन भागांत फोडता येणारे पार्ट सोपे. साचा पुस्तकासारखा उघडतो. पण अमेरिकन किटमध्ये गाडीची बॉडी एकसंध असते. छत, दोन्ही बाजू, मागची डिकीची बाजू, सगळं एकाच तुकड्यात. ही पद्धत जुनी आणि माझ्या मते सुंदर आहे, कारण छताचा सांधा बुजवत बसावं लागत नाही. पण असा तुकडा पुस्तकासारख्या उघडणाऱ्या साच्यातून निघणार कसा? दाराच्या मुठी, पट्ट्या, चाकांवरच्या कडा बाजूला उठलेल्या असतात. त्या साच्यात अडकतील.

इथे मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पाकळ्या बाजूला उघडतात म्हणून कळ्या न मोडता मोदक सुटतो. बॉडीचा साचाही तसाच. डावी, उजवी, पुढची, मागची अशा चार बाजू सरकून लांब होतात, वरून छताचा भाग उठतो, आणि आत पोकळीचा आकार देणारा ठोकळा असतो, त्याला कोअर म्हणतात. एवढे सगळे पोलादाचे तुकडे केसाइतकीही फट न ठेवता मिटायला हवेत. फट राहिली तर प्लास्टिक तिथून पापुद्र्यासारखं बाहेर येतं. जुन्या साच्यांच्या किटमध्ये हा पापुद्रा सगळीकडे दिसतो, आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो.

आता या साच्यात हार्डटॉपची चार दारांची सेडान करायची आहे. लोकांना वाटतं, दोन रेघा जास्त कोरल्या की झालं. तसं नाही. सेडानचं छत हार्डटॉपपेक्षा उंच, खऱ्या गाडीत इंच-दीड इंचाने, म्हणजे किटमध्ये दीड मिलिमीटरपर्यंत. ऐकायला किरकोळ, पण चेहराच बदलतो. मागच्या काचेचा उतार वेगळा. पुढचं दार आखूड. मधला खांब, काचांच्या चौकटी. म्हणजे छताचा भाग नवा, दोन्ही बाजू नव्या, आतला कोअर नवा. बॉडीचा साचा जवळपास पूर्ण नवा झाला. काचांचा पार्ट नवा. आत दारांच्या पट्ट्या चार हव्यात, मागची सीट वेगळी.

तसंच राहील ते काय? चॅसी, इंजिन, चाकं, बंपर, जाळी, डॅशबोर्ड. सारण तेच, पण मोदकाच्या साच्यातून करंजी निघत नाही.

पैशाचा हिशेब समजायला एक काल्पनिक गणित घेऊ. समजा नव्या बॉडीच्या साच्याला एक कोटी रुपये लागले आणि सगळा खर्च वजा जाता प्रत्येक डब्यामागे कंपनीला दोनशे रुपये सुटतात. साच्याचे पैसे निघायलाच पन्नास हजार डबे खपले पाहिजेत. मग कंपनीतला माणूस विचारणार: ज्याच्या शेल्फवर १९५७ची हार्डटॉप आहे तो सेडान घेईल का? मी घेईन. माझ्यासारखे पन्नास हजार आहेत का? तो माणूस मान हलवतो आणि हार्डटॉपला नवीन डेकल, म्हणजे बॉडीवर चिकटवायची छापील चित्रं, देऊन पुन्हा काढतो.

पोलादाचे पैसे कुणी भरले

पण मग पहिल्यांदा हार्डटॉपच का निवडली? इथे गोष्ट १९४० च्या दशकाअखेरच्या डेट्रॉइटला जाते.

एएमटीचं पूर्ण नाव अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज. १९४८ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेली कंपनी, पहिलं मॉडेल खरंच अॅल्युमिनियमची फोर्ड. नंतर प्लास्टिक. तिथलीच जो-हान ही दुसरी कंपनी. दोघींचा धंदा म्हणजे 'प्रोमो'. गाडी कंपनीच्या शोरूमसाठी त्याच वर्षाच्या मॉडेलची छोटी, तयार, रंगीत प्रतिकृती. बाप मोठ्या गाडीची किंमत विचारत असताना पोराच्या हातात ही द्यायची, आणि घरी जाऊन पोराने बापाचं डोकं खायचं. विक्रीची ही युक्ती आपल्याकडच्या बुटांच्या दुकानातल्या फुग्याइतकीच जुनी आहे.

गाडी कंपन्या आपले नकाशे देत, हजारोंनी ऑर्डर देत, त्यामुळे साच्याचा खर्च आधीच निघून जाई. पन्नाशीच्या सुरुवातीच्या प्रोमोंमध्ये चार दारांच्या सेडानही होत्या. मग हार्डटॉपचं वेड आलं आणि शोरूमच्या काचेत तीच उभी राहिली. जी काचेत, तिचाच प्रोमो. १९५८ मध्ये एएमटीने या प्रोमोंच्या साच्यांतूनच जुळवायची किटं काढायला सुरुवात केली. एकाच डब्यात तीन पर्याय: गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी करा, सजवून वेगळी करा, किंवा शर्यतीची करा. दरवर्षी नव्या मॉडेलची नवी किटं. हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल या जोडीने यायच्या, कारण दोघींमध्ये छत सोडून बाकी बरंचसं सारखंच.

म्हणजे कोणती बॉडी मिळणार हे किट जुळवणाऱ्या पोरांनी ठरवलं नाही, किट कंपनीनेही पुरतं ठरवलं नाही. ते डेट्रॉइटच्या विक्री खात्यांनी ठरवलं. त्यांना रस्त्यावरची गाडी दाखवायची नव्हती, शोरूमची काच दाखवायची होती. जो-हानने रॅम्बलर आणि प्लिमथच्या वॅगन केल्या त्याही याच वाटेने आल्या.

या पद्धतीचं एक दुखणं आहे. नवं साल आलं की जुनाच साचा कापून, भरून, नव्या मॉडेलसारखा करायचे. गाडीचा सांगाडा तोच, फक्त दिवे आणि जाळी बदलली, तर साचाही तसाच बदलायचा. खर्च वाचला, पण आधीच्या वर्षाची गाडी कायमची गेली. पुढे सत्तरच्या दशकात अशा कितीतरी साच्यांच्या चाकांवरच्या कडा कापून त्यांच्या धुळीच्या ट्रॅकवरच्या रेसकार केल्या. पाटीवरचं पुसून नवं लिहिलं, आणि जुनं कुणी वहीत उतरवून ठेवलंच नव्हतं. त्यामुळे 'त्यांच्याकडे साचा आहेच, काढायला काय जातंय' हे वाक्य पुष्कळदा खोटं असतं. साचा आहे, पण तो आता दुसऱ्याच गाडीचा आहे.

आज एएमटीची मालक असलेली राउंड टू ही इंडियाना राज्यातली कंपनी जुनी किटं पुन्हा बाजारात आणते आहे. १९६३च्या शेव्ही टू नोव्हाची स्टेशन वॅगन अशीच परत आली. चार दारांची, सामान्य कुटुंबाची वॅगन! लोकांनी डबे उचलले तेव्हा मला वाटलं, चला, वारं फिरलं.

चार दारं कधी मिळतात

वारं फिरलं असेल थोडं, पण नियम तोच आहे. चार दारांच्या गाडीला किट मिळायचं तर तिला काहीतरी गोष्ट लागते. पोलिसांची असली तर मिळतं: लिंडबर्गने फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाची पोलीस गाडी काढली. ताकदवान असली तर मिळतं: नव्वदीतली इम्पाला एसएस चार दारांची असूनही रेव्हेलच्या यादीत आली. सिनेमात भुतं पकडली तर मिळतं: 'घोस्टबस्टर्स'ची १९५९ची कॅडिलॅक ॲम्ब्युलन्स.

सगळ्यात बोलकं उदाहरण १९६७च्या इम्पालाचं. तिच्या दोन दारांच्या बॉडीची किटं होतीच. चार दारांची कुणी ढुंकून पाहिली नव्हती. मग 'सुपरनॅचरल' ही टीव्ही मालिका आली, तिच्यात दोघे भाऊ काळी चार दारांची इम्पाला घेऊन देशभर फिरतात, मालिका पंधरा हंगाम चालली, आणि एएमटीच्या नावाने चार दारांची १९६७ इम्पाला निघाली. म्हणजे साचा परवडतो. फक्त पन्नास हजार गिऱ्हाइकं दिसायला हवीत.

दोन दारांच्या साध्या सेडानचंही तेच. १९५७ची १५० ही शेव्हरोलेची सगळ्यात स्वस्त पायरी, क्रोम जवळजवळ नाहीच. तिचं किट रेव्हेलने काढलं, पण 'ब्लॅक विडो' म्हणून. ती स्टॉक-कार शर्यतीसाठी तयार केलेली काळी-पांढरी गाडी, फ्युएल इंजेक्शनचं २८३ घनइंचांचं इंजिन, २८३ अश्वशक्ती. पोस्टमनने वापरलेली १५० कुणी काढली नसती. गंमत म्हणजे किट एकदा आलं की तिला साधा रंग देऊन पोस्टमनची करता येते. मी म्हणून रेसकारच्या डब्यांकडे नाक मुरडत नाही. डब्यावरचं चित्र काहीही असो, आत कोणती बॉडी आहे ते आधी बघायचं.

जपानची गोष्ट उलटी आहे. तिथे चार दारांची गाडी मुळातच बिनडौल मानली गेली नाही. निसानची पहिली स्कायलाइन जीटी-आर, लोक जिला 'हाकोसुका' म्हणतात, १९६९ मध्ये आली तीच चार दारांची. दोन दारांची नंतरच्या वर्षी आली. तिथल्या किट कंपन्या क्राउन, सेड्रिक, ग्लोरिया अशा भारदस्त सेडान सहज काढतात, टॅक्सीसुद्धा. टोकियोच्या टॅक्सीचं किट मिळतं. आपली काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, लोकांनी डोळे पुसले, फोटो काढले. तिचं असं एकसंध बॉडीचं, इंजिनासकट किट असतं तर त्या आठवड्यात तरी खपलं असतं. नंतरचं मी सांगत नाही, कारण तो मान हलवणारा माणूस मला आता ओळखू येतो.

एक वेगळी वाट युक्रेनच्या आयसीएमने काढली. त्यांच्या फोर्ड मॉडेल टीची बॉडी एकसंध नसते, सुट्या तुकड्यांची असते. चॅसी, इंजिन, चाकं यांच्या फ्रेम, म्हणजे सुटे पार्ट जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, तशाच ठेवायच्या आणि बॉडीची फ्रेम बदलायची. टूरिंग, रोडस्टर, माल वाहणारी, आगीचा बंब, असा सगळा कुटुंबकबिला त्यांनी १/२४ मापात काढला. सपाट तुकड्यांचा साचा पाकळ्यांच्या साच्यापेक्षा कितीतरी सोपा. जुळवणाऱ्याला सांधे जास्त बुजवावे लागतात, पण वैविध्य मिळतं. रेव्हेलने १९३२च्या फोर्डच्या बाबतीत जवळपास हेच डोकं वापरलं: एका चॅसीवर रोडस्टर, दोन तऱ्हेच्या कूपे आणि सेडान. आधीपासून कुटुंब डोक्यात ठेवून साचा केला तर नंतरची भावंडं स्वस्तात होतात.

म्हणून कंपनीला काही मागायचंच असेल तर असं मागावं, की जिच्यासाठी अर्ध्याहून जास्त पार्ट आधीच साच्यात आहेत. १९५७च्या २१० सेडानसाठी चॅसीपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं तयार आहे. १९५३ची डिसोटो मागितली तर सगळंच नवं. मला डिसोटो हवी आहे, पण मागणार नाही.

चहाच्या पातेल्यातली शेव्हरोले

तोवर काय? एक उपाय रेझिनचा. कुणी हौशी माणूस दोन किटं कापून चार दारांची एक बॉडी हाताने घडवतो. तिच्याभोवती सिलिकॉन रबर ओततो. रबर घट्ट झालं की बॉडी काढून त्या पोकळीत दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन ओततो, थोड्या वेळात ते कडक होतं. पोलाद नाही, पाकळ्या नाहीत, रबर वाकतं म्हणून मुठी-पट्ट्या अडकत नाहीत. पण रबर काही डझन बॉड्यांतच फाटायला लागतं. पन्नास हजार गिऱ्हाइकं नकोत, पन्नास पुरतात. म्हणून अशा बॉड्या अस्तित्वात आहेत, आणि म्हणून महाग आहेत.

मी एक मागवली. विकणाऱ्याने पाठवली ती छताला पीळ पडलेली, टेबलावर ठेवली की एक चाक अधांतरी राहील अशी. परत पाठवायचा खर्च बॉडीपेक्षा जास्त. मग रेझिनवाल्यांचा घरगुती उपाय केला: गरम पाण्यात बुडवायची, मऊ झाली की हलक्या हाताने सरळ करायची, तशीच धरून गार पाण्याखाली न्यायची. घरात बॉडी मावेल असं भांडं एकच, चहाचं पातेलं. ते आता माझ्या टेबलाखाली असतं. बायकोने चहासाठी नवीन आणलं.

पीळ गेला. मग ताळमेळ. १९५७च्या शेव्हरोलेची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी ११५ इंच, १/२५ मध्ये ११६.८ मिलिमीटर. मोनोग्राम या जुन्या कंपनीची किटं १/२४ मापाची. तिथे हाच आकडा १२१.७. पाच मिलिमीटरचा फरक, म्हणून त्यांची सुंदर चॅसी या बॉडीखाली जात नाही. नवखे लोक इथे हमखास फसतात, 'दोन्ही ५७ शेव्हीच ना' म्हणून. डब्यावरचं माप वाचायचं, आणि तरीही पट्टी लावून बघायची.

दुसरा उपाय थ्रीडी प्रिंटर. आता पुण्या-मुंबईत छपाई करून देणारे सहज सापडतात. अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा प्रिंटर बॉडी थर थर करून वर चढवतो. फाइल चांगली असेल तर दाराच्या रेघा साच्यापेक्षा सुबक येतात. पण छताच्या बाकावर थरांच्या पायऱ्या दिसतात, त्या ओल्या पॉलिश पेपरने घासाव्या लागतात, आणि ती भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही. मास्क लावा. पुढच्या काचेचे बारीक खांब घासताना मोडतात तेव्हा तोंडातून काय निघतं ते इथे लिहीत नाही.

तिसरा उपाय चाकूचा, आणि तो सगळ्यांत स्वस्त. दोन दारांच्या सेडानची बॉडी घ्यायची. हार्डटॉप नको, तिचं छत बुटकं. दाराची जुनी रेघ पुटीने बुजवायची, पुढच्या दाराची मागची कड जुन्या रेघेपेक्षा पुढे, नव्या रेघेने आखायची. रेघ मारायला पट्टीऐवजी जाड चिकटपट्टीची कड घ्यावी, पातं तिच्या कडेने सरकतं. एकदम खोल नाही, हलक्या हाताने दहा-बारा वेळा. मधला खांब अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीनच्या पट्टीचा. आणि इतकं सगळं झाल्यावर लक्षात येतं की आत मागच्या दाराला काच खाली करायची मूठ हवी. ती कुठल्याच किटमध्ये नाही. मी ती स्टेपलरच्या पिनेची केली.

अण्णांची गाडी १९५१ची होती, ही १९५७ची आहे. त्यांना ते माहीत आहे. मी करड्या प्रायमरमधली बॉडी त्यांना दाखवायला नेली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागच्या दाराच्या रेघेवरून नख फिरवलं. मग रंग विचारला. काळा देतो म्हटलं, आरशासारखा चकचकीत, वर क्लिअर कोट मारून.

"चकचकीत नको," अण्णा म्हणाले. "शेट रोज सकाळी गाडी पुसून घ्यायचे. पॉलिशला पैसे द्यायचे नाहीत."